पाठचा पक्षी

वडील पुस्तकं फोडायचे.
धंदाच तो. देव्हेंटरच्या मागल्या गल्लीत
टेबलावर उताणं ठेवलेलं जाडजूड पुस्तक,
शिवणीतून फिरणारी रापी,
आणि एकेक पक्षी सुटा.
"अख्खं पुस्तक घेणारा कधीच मेला," ते म्हणत,
"भिंती मात्र सगळ्यांनाच असतात."
घुबड महाग. चिमण्या डझनाच्या भावात.
बदकांना शिकारी लोकांचं गिऱ्हाईक बारमाही.
मी आठ वर्षांची. मागे उरलेला मजकूर
शेगडीत सारायचं काम माझं.
लॅटिन चांगलं जळतं.

आता मी त्रेसष्ट. मीही पक्षीच जमवते,
तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले, हाताने रंगवलेले.
फोडत नाही, विकत नाही, इतकाच फरक.
हात धुऊन, कोरडे करून, कागद खिडकीशी धरते.
पत्र्याच्या काठाने दाबलेला चौकोन
बोटाला आधी कळतो, डोळ्याला नंतर.
रंग जुना की परवाचा, ते पाठीवरून ओळखायचं:
तांब्याचा खरा हिरवा दीडदोनशे वर्षं कागद खात
पलीकडे तपकिरी होऊन उतरतो.
लबाड हिरवा पुढेच थांबतो.

रंगवायच्या पोरी. एका लांब बाकावर,
हिच्याकडे फक्त निळा, तिच्याकडे फक्त चोची,
शेवटची डोळ्यावर डिंकाचा थेंब ठेवणारी.
यातला एकही पक्षी त्यांनी पाहिलेला नसावा.
माझ्या खंड्याचे पाय निळे आहेत.
लालवाली त्या दिवशी तापाने घरी असेल.
तो खंड्या मी कुणालाही देणार नाही.

पण सांगायचं होतं ते टिटवीचं.
ऑगस्टातल्या पुस्तकबाजारात, आयसेलच्या काठाला,
हार्मेन टॉयबेनच्या टेबलाखालच्या खोक्यात मिळाली.
तुरा शाबूत, एका कोपऱ्याला ओल लागलेली.
घरी येऊन उलटी केली, तर पाठीवर
दुसराच पक्षी. म्हणजे त्याची सावली,
शाईने शंभर वर्षं मिटल्या पुस्तकात टेकून उमटवलेली,
उलटी, धुरकट, पातळ चोच वर वळलेली.
उचाट्या. पुढच्या पानावरचा.
आपल्याकडे म्हणतात तसा, पाठचा भाऊ.

बावीस वर्षं.
टिटवीच्या डाव्या कडेला सुईची तीन भोकं,
त्यांच्या अंतराने गाठी मारलेला दोरा माझ्या पाकिटात.
लायडनला, गेंटला, एकदा ब्रेमेनपर्यंत जाऊन
परक्या उचाट्यांना तो दोरा लावून पाहिला.
दुकानदारांना वाटे, बाई शिवणकाम करते.

आणि सापडला तो झुटफेनला,
दाताच्या डॉक्टरकडे, बसायच्या खोलीत,
छत्र्यांच्या कुंडीवर टांगलेला.

पुढच्या मंगळवारी टिटवी पिशवीत घालून गेले.
डॉक्टर फेम्के लोहाउस भली बाई. चौकट उतरवून दिली.
मागच्या खाकी कागदावर पेन्सिलीने किंमत, पस्तीस गिल्डर,
आणि तो पाचाचा आकडा,
डोक्यावर टोपी तिरकी घातल्यासारखा,
मला माझ्या शाळेच्या वहीत सुद्धा ओळखू आला असता.

चौकट उघडली. दोरा जुळला.
वरच्या टोकाला रापी जराशी घसरली होती,
दोघांनाही एकच जखम.

टिटवी उपडी ठेवली, शेजारी उचाट्या,
आणि पुस्तक मिटावं तशी दोघांना मिटवली.
किती वेळ? कंपाउंडर मुलीने दोन फोन घेतले, तेवढा.
"विकत नाही हं," डॉक्टर म्हणाली,
"आत येण्यापूर्वी लोक त्याच्याकडे बघत बसतात.
रडणारी पोरंसुद्धा."
मीही मागितला नाही. मागायचं तोंड कुठे होतं?
या दोघांविषयी जे काही लिहिलेलं होतं
त्यावर एका थंडीत आमचं सूप गरम झालं असेल.

तो पुन्हा खिळ्यावर गेला, किंचित वाकडा.
टिटवी पिशवीत.
मग आतून माझं नाव पुकारलं,
दिवा तोंडावर आला, आणि डॉक्टर म्हणाली,
"आ करा. दुखतंय कुठे?"